पेट्रोल नेमकं कुठं अडतंय

६ ऑक्टो., सोम.
गाडी आज परत बंद पडली. मल्लेश्वरमच्या सिग्नललाच. मागे बस, बाजूला ऑटोवाला हात नाचवतोय. घरी आल्यावर नवऱ्याचं तेच, "क्लच लवकर सोडतेस तू." मोहन इतकी वर्षं गाडी चालवतो, बॉनेट उघडून कधी बघितलेलं नाही. मला लायसन्स मिळालं बावन्नाव्या वर्षी, आत्ता ऑगस्टमध्ये. त्यामुळे बिघाड कुठलाही असो, दोष माझ्या पायाचा.
रविवारी यशवंतपूरचं गिऱ्हाईक येतंय. आहे तशी देऊन टाकायची म्हणे. नवीन गाडीला हा मला हात लावू देणार नाही, म्हणजे माझं ड्रायव्हिंग संपलं. मला नाही संपवायचं.

७, मंगळ.
क्लचचा दोष असता तर निघतानाच बंद पडली असती. ही पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग आचके, मग गप्प. थांबलं की परत सुरू. पेट्रोल पुरत नाहीये. पाय निर्दोष (बहुतेक).
व्हिडिओ बघून फिल्टर काढला. काळाकुट्ट. दुकानदार म्हणाला, "स्वल्प थांबा अक्का, जुन्या गाडीचा आहे, माळ्यावर बघतो." मिळाला. बसवताना पेट्रोलचा पाइप हातात, आणि सासूबाई उदबत्ती घेऊन अंगणात! इतकी ओरडले की शेजारचे अण्णा गेटपाशी धावत आले.

८, बुध.
नवा फिल्टर, जुनीच रड. इंजिनकडे जाणाऱ्या पाइपचं टोक बाटलीत धरलं, मोहनला स्टार्टर मारायला लावला. पेट्रोल पिचकारीसारखं आलं. पंप ठणठणीत.
"मग?" मोहन.
मग काय, मला तरी काय माहीत. बाथरूममध्ये जाऊन रडले. खरंच माझाच पाय असेल तर?

१०, शुक्र.
सापडलं!!
गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. टाकीत पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. किल्ली फिरवली, लगेच स्टार्ट. मग झाकण सैल ठेवून फेऱ्या मारल्या. एकदाही बंद नाही.
झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला लागते, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. ते भोक हळद आणि गंधानं गच्च बुजलेलं! दसऱ्याच्या आयुधपूजेला सासूबाईंनी चाकं, आरसे, स्टिअरिंग, सगळ्यांना लावलं होतं. पण हे झाकण कशाला?
"ते तर गाडीचं तोंड. तोंडाला गंध नको?"
मी हसत सुटले. त्या नाही हसल्या. रात्री नीट जेवल्यासुद्धा नाहीत. "माझ्यामुळं तू बोलणी खाल्लीस." त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ. असं आम्ही कधी बसलो नव्हतो.

११, शनि.
गरम पाणी, टाचणी, जुना टूथब्रश. भोक मोकळं. झाकण घट्ट लावून लांब चक्कर मारली, काही नाही. पाय निर्दोष (नक्की). मोहनला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, चालू गाडी बघून गिऱ्हाईक खूश होईल."
रागानं पोळ्या जाड झाल्या. मुकाट्यानं खाल्ल्या त्यानं.

१२, रवि.
सकाळी बघते तर सासूबाई चांगली साडी नेसून गाडीत बसलेल्या. "मला जयनगरला सोड, बहिणीकडे."
"आई, गिऱ्हाईक यायचंय."
"येऊ दे की."
निघालो. मॅजेस्टिकची गर्दी पार केली. एक आचका नाही. तरी माझे कान इंजिनाकडेच. लालबागपाशी मोहनचा फोन. मी हात लावला नाही, सासूबाईंनीच घेतला. तो बराच वेळ बोलत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुमा गाडी चालवतीय. मागनं फोन कर." ठेवून दिला.
पुढचा रस्ता मला जरा धूसर दिसला. डोळे पुसून नीट चालवली.
मावशींच्या घरी बसून लिहितेय. मोहनचा मेसेज आलाय, गिऱ्हाईक अजून बसून आहे, कधी येताय? सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बहिणीला म्हणाल्या, आम्ही जेवूनच जाणार.