सीलखालचा धागा

नवागाम, सुरत
ता. १२ एप्रिल

चि. योगराजभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमचं बरं असेल. इकडं ठीक. ऊन फार आहे, दुपारी शटरला हात लावता येत नाही. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहून गॅरेजातल्या दत्तूच्या हाती देते आहे. तो उद्या तुमच्याकडं बारडोलीला येतोय.

तुमची गाडी झाली. एक्सलरेटर सोडला तरी रेस उतरत नव्हती. संक्रांतीला तुमच्या दादांनी थ्रॉटल बॉडी साफ करून बसवली तेव्हापासून असंच आहे, असा तुमचा निरोप होता. आणि पुढं, ‘चांगल्या मिस्त्रीला दाखवा, तुम्ही हात लावू नका.’ मी हात लावला.

थ्रॉटल बॉडी इंजिनाला जिथं जोडतात त्या सांध्यावर, गाडी चालू ठेवून, क्लीनरचा स्प्रे मारला. आवाज लगेच बदलला. म्हणजे तिथून चोरून हवा आत जात होती. खोललं तर रबरी सील चांगलं, कुठं चिरलेलं नाही. त्याच्या खाली एक लाल धागा. चिंधीचा.

गॅरेजात पुसायला साडीच्या कातरणाच्या चिंध्याच असतात, तुम्हाला ठाऊक आहे. सगळीकडं चालतात, सीलच्या खाचेत मात्र नाही. त्यावरून दादा गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडायचे, “चिंधी नको लावजो वं, बोट फिरई देख!” स्वतः डोळे मिटून बोट फिरवायचे. केस असला तरी त्यांना लागायचा.

हा धागा चांगला जाड होता, भाऊजी.

मग एकेक आठवत गेलं. पोळता चहा हातात धरून बसायचे. नट हातातून सुटायचे आणि मी हसायचे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते की साखरेमुळं बोटांना बऱ्याच दिवसांपासून कळत नसणार. मला तेव्हा पटलं नव्हतं. संक्रांतीला त्यांनी माझ्यापासून लपवलं आणि होळीच्या आधी गेले. मला त्यांचा राग आला.

धागा तळहातावर घेऊन बसले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. अजून एकदाही आलेलं नाही. शेजारच्या बायका माझ्या तोंडाकडं बघतात. मग उठून नवं सील आणायला गेले.

खाच क्लीनरनं धुतली, न पुसता तशीच सुकू दिली, बोट फिरवलं. सीलला तेलाचा हात लावला. चिकटवायचा बाँड नाही लावला, त्याचा तुकडा सुटून आत जातो. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. पुन्हा स्प्रे मारला, आवाज हलला नाही. गाडी धूत जा मात्र. तिच्यावरचा चिखल मागच्या पावसाळ्याचा आहे.

आता किल्लीचं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावी या, दादांच्या नावानं पाण्याची घागर भरू, येताना गॅरेजची किल्ली आणा, कामरेजचा माणूस गॅरेज घ्यायला तयार आहे, असं तुम्ही ठरवलंत. सासूबाईंनाही मी गावीच राहावं असं वाटतं. मी येणार नाही. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बेन, मिस्त्री क्यां छे?” मी म्हटलं, “हुं ज छुं.” मीच मिस्त्री. त्यानं गाडी स्टँडला लावली.

घागर मी इथं, गॅरेजातच ठेवणार. भरायला घरचा पुरुष लागतो म्हणतात. तुम्ही आलात तर तुम्ही भरा आणि तुमची गाडी घेऊन जा. नाही आलात तर मी भरीन.

रागावला असाल, तरी एवढं करा. पत्र मिळाल्यावर सकाळी चहा घेताना कप हाताला पोळतो का बघा. तुम्ही दोघं एकाच आईचे. उत्तर फोनवर दिलंत तरी चालेल, पण खरं द्या.

किल्ली ठेवून घेतलेली तुमची वहिनी,
उज्ज्वला