कॉम्प्युटरचा देश

सातपूर, नाशिक
नोव्हेंबर २००४

प्रिय शेखर,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी तुला माझी आठवण झाली, तीही आपल्या मशीनवरच्या गेणूभाऊंची केस कामगार न्यायालयात उभी राहिली त्याच आठवड्यात. आईचा गुडघा तसाच आहे. मी हल्ली अंबडला एका वर्कशॉपमध्ये प्रोग्रामिंग करते. पगार बेताचाच.

तू लिहितोस, जुनं उकरून काढू नये. ते पुरलं होतं कधी? कारखान्यात मशीनसाठी जर्मन कंपनीकडून यायच्या त्या फाइलींत पाव मिलिमीटर म्हणजे शून्य, स्वल्पविराम, पंचवीस. त्यांच्याकडे दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. आपला कॉम्प्युटर तो हजाराचा समजून गाळायचा आणि सरळ पंचवीस वाचायचा. मी म्हणाले होते, प्रोग्रामलाच तो स्वल्पविराम ओळखायला शिकवू. तू हसलास. दुसऱ्या दिवशी जर्मन पाहुणे यायचे होते. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन देशाच्या रकान्यातलं भारत काढलंस, जर्मनी टाकलंस आणि काम फत्ते म्हणून मला चहा पाजलास. कुणी देश पुन्हा बदलला तर घात होईल, असं मी बजावलं, तर म्हणालास, फार किरकिर करतेस. तरी तुझ्यावर रागावता आलं नाही, इतकी मी गुंतले होते.

पाहुणे खूश झाले, तू बढती घेऊन पुण्याला गेलास. इकडे अकाउंट्सच्या चंदरला त्याच कॉम्प्युटरवर बिलांत रुपयाच्या जागी युरो दिसायला लागला. त्या बिचाऱ्याने पुन्हा भारत केलं. त्याच पाळीत मशीनचं कापायचं टूल पाव मिलिमीटरऐवजी पंचवीस मिलिमीटर आत घुसलं, तुटलं, आणि गेणूभाऊंचा डावा डोळा गेला. तू पुण्याहून लिहून दिलंस की ऑपरेटरने आकडा चुकीचा टाकला. त्यांना निष्काळजी ठरवून काढलं. मी साहेबांना खरं सांगितलं, तर मलाही घरी बसवलं. गेणूभाऊंच्या सिंधुवहिनी भेटल्या की एकच म्हणतात, "ताई, ह्यांनी आकडा टाकलाच नाय, त्यो आपोआप येतो. कुणी ऐकतच नाय." मला तुझी चीड येते, शेखर. अजूनही येते.

साक्षीला जाऊ नकोस, आपण पुन्हा भेटू, असं तू शेवटी लिहिलं आहेस. पूर्वी या ओळीसाठी मी वाट्टेल ते केलं असतं. उत्तराला उशीर झाला, कारण आज सकाळी मी कोर्टात होते. वकिलांनी विचारलं, हा धोका तुम्ही कोणाला सांगितला होता? मी तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. ते मी कधीकाळी माझ्या नावापुढे लावून बघितलं होतं, त्यामुळे अडखळले नाही.

एकेकाळची तुझीच,
छाया