न पडलेला पाऊस

३ एप्रिल
नवी कलमं वाळली म्हणून लिहायला बसले. कोणाशी बोलण्यासारखं नाही.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी होती, बागेत पाऊल टाकता आलं नाही. आज गेले तर संत्र्याचा नवा तुकडा माना टाकून उभा! पानं गुंडाळलेली, बुंध्याशी भेगा. मुकादमाला फैलावर घेतलं. तो म्हणे, "बाई, सासूबाईंनी पाणी मंजूरच केलं नाही!"

सासूबाई म्हणजे यांचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर यांनी स्वतः तयार केलं. ऊन, वारा, पाऊस यांवरून झाडांनी काल किती पाणी उडवलं ते काढतं आणि आज ठिबक किती वेळ चालवायचं ते सांगतं. थेंब जास्त देत नाही, म्हणून गड्यांनी ठेवलेलं नाव. विहीर आटत चालली तरी बाग राखली ती तिनेच.

"आभाळ कोरडं दिसत नव्हतं?"
"दिसत होतं. पण साहेबांच्या यंत्रापुढे आपलं कोण ऐकतं!"

४ एप्रिल
मॉडेलमध्ये रोजचा पाऊस भरलेला! आठ मिलिमीटर, बारा मिलिमीटर. ऊन-वारा यंत्र आपलं आपण घेतं. पावसाचा आकडा तेवढा हे सकाळी पर्जन्यमापक पाहून भरतात. अंगणात जाऊन पाहिलं — मापकात खरंच पाणी. कोणाचा तरी चावटपणा. मुकादमाला नाही नाही ते बोलले.

५ एप्रिल
सकाळी खिडकीत उभी राहिले.

हे उठले. मी काढून ठेवलेली गोळी खिशात टाकली, पाण्याचा ग्लास घेऊन अंगणात गेले आणि सावकाश मापकात ओतला. मग चष्मा लावून, वाकून आकडा वाचला. नोकरीत वाचत तसा, ओठ हलवत.

"काय चाललंय हे?"

दचकले. मग हसले. "विहिरीत पाणी नाही आणि ही यंत्रातली बया रोज मागते. तू झोपेतसुद्धा विहिरीचे आकडे बडबडतेस गं. म्हटलं, थोडा पाऊस पाडावा."

सदऱ्याच्या खिशातून गोळ्या निघाल्या. मूठभर.

विसरतात, ते माहीत होतं. मी झोपेत काय बडबडते ते मात्र विसरले नाहीत.

मुकादमाची माफी मागितली. "राहू द्या, बाई," म्हणाला आणि यांच्या खोलीकडे बघत राहिला.

९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, आता क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

धाकटे दीर आले होते. "वहिनी, दादा आणि बाग, दोन्ही तुमच्याच्यानं व्हायचं नाही. अशा विसरणाऱ्या माणसांना ठेवून घेणारी ती संस्था चांगली आहे. माणसं मायेनं बघतात. बाग तर तुम्ही सोडणार नाही, ठाऊक आहे आम्हाला."

खरंच आहे. शेतकी कॉलेजातून आले ती कलम बांधायचा चाकू घेऊन. यातलं एकही झाड दुसऱ्याच्या हातचं नाही.

१० एप्रिल
नव्या तुकड्याला पाणी दिलं. उपयोग नाही. फांदी वाकवली की काडीसारखी मोडते.

१२ एप्रिल
यांची बॅग भरली. सदरे, दाढीचं सामान, चष्म्याचं घर. हे दारात उभे.

"दौरा आहे का?"
"हो."
"तू येतेस?"

मी घड्या घालत राहिले.

"मग इथला पाऊस कोण भरणार?"

बॅगेची चेन काही केल्या लागेना. शेवटी तशीच ठेवली.

१५ एप्रिल
आज दिरांच्या स्वाधीन केलं: बाग. विहिरीच्या पंपाची किल्ली. ठिबकचे नकाशे. मॉडेल, पासवर्डसकट. कलमाचा चाकू.

"वहिनी, नीट विचार केलात ना?"
"सही कुठे करू ते सांगा."

पर्जन्यमापक दिला नाही. सकाळी यांनी गोळी गिळेपर्यंत मी ग्लास हातातून सोडला नाही. उरलेलं पाणी यांचं, पाऊस पाडायला.