देवघरातला मुरूम

मी, नितेश रामराव गावंडे, वय सत्तावीस, धंदा गवंडीकाम, राहणार भातकुली, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा नववीपर्यंतच झाली, म्हणून प्रत्येक ओळ आधी कच्च्या कागदावर लिहून तपासली आहे. डोके ठिकाणावर आहे. दारू पीत नाही. जबरदस्ती कोणाची नाही. उलट सगळे नको म्हणत आहेत.

कारण असे की, उद्या सकाळी मी माझ्याच घराच्या मागच्या कोपऱ्याखाली उतरणार आहे. तीन-तीन फुटांचा तुकडा खणून खालून नवा पाया भरायचा आहे. भिंत अंगावर बसली तर हा कागद लागेल. माझे उस्ताद देवमन मिस्त्री म्हणाले, “भिजल्या मातीत भितीखाली जाऊ नको बाप्पा. उन्हाळ्यालोक थांब.” पण भिंत थांबत नाही. पोळ्याला मी भेगेवर, ती वाढते का ते पाहायला, काचेची पट्टी प्लास्टरने बसवली होती. चौथ्या दिवशी तडकली. दुसरी बसवली, ती दोन दिवस टिकली.

कलम १. घर व प्लॉट माझी मोठी बहीण प्रणाली हिला द्यावे. भाऊजी वारल्यापासून ती मुलीला, आचलला, घेऊन इथेच राहते. दोघी मागच्या खोलीतच झोपतात. त्या खोलीत कोणीही झोपू नये. हे मी ताईला अकरा वेळा सांगितले. ती म्हणते, “भेगा कोणाच्या घराले नाई पडत? आपल्याखाली मुरूम हाये. मी सोता पाह्यला.”

कलम २. ओळंबा देवमन उस्तादांना परत द्यावा, तो त्यांचाच आहे. थापी, रंधा आणि पाणीनळी माझ्यासोबत काम करणाऱ्या अमोलला. थापीचा दांडा सैल आहे, वापरण्याआधी ठोकून घ्यावा.

कलम ३. शेजारी राहणारे माझे चुलते बंडूकाका यांना माझ्याकडून काही देऊ नये. त्यांच्या न्हाणीचे पाणी त्यांच्या पपईला जाते आणि पपई आमच्या कोपऱ्याला लागून आहे. काळी माती एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने आवळते, आणि मध्ये घर फाटते. पपई त्यांनी ठेवावी, पाणी दुसरीकडे काढावे. घराभोवती तीन फूट फरशी, बाहेर उतार देऊन, मीच करायला हवी होती. दुसऱ्यांची केली, स्वतःची राहिली.

आणखी एक. २०२२ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पायाभरणीचा मुहूर्त होता. मी साडेसहा फूट खणले होते आणि पाया ज्यावर टेकवायचा तो कडक मुरूम लागला नव्हता. काठावर पन्नास माणसे. बंडूकाका मोठ्याने म्हणाले, “काहून रे मिस्तरी, घर बांधून राह्यला का इहीर खंदून राह्यला?” सगळे हसले. माझे बाबाही हसले, आणि मग घड्याळ पाहून म्हणाले, “आटप नितेश, मुहूर्त चालला.” बाबा आता नाहीत. त्यांच्यावर राग नाही. काकांवर आहे. पण खड्ड्यात काका नव्हते, मी होतो.

कलम ४. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. उस्तादांची एक पद्धत आहे. मुरूम लागला की तळातला एक मूठ मुरूम घरच्या बाईच्या पदरात घालायचा, आणि तोवर एक दगड टाकायचा नाही. आई नव्हती, म्हणून ताईने पदर पसरला. उस्ताद त्या दिवशी अकोल्याला कामावर होते. ओट्याच्या भरावासाठी आणलेल्या ट्रॉलीतला मुरूम मी आधीच खिशात भरला होता. तोच तिला दिला. तिने तो लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवला. रोज दिवा लावते. त्या पुरचुंडीच्या भरवशावर ती मागची खोली सोडत नाही.

ताई, आपल्या घराखाली मुरूम नाही. माती आहे.

सही: नितेश रामराव गावंडे

सहीनंतरची नोंद. उस्ताद साक्षीदार म्हणून आले. वाचून पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “मेल्यावर सांगशीन तिले? तिची पोरगी तठी झोपते अन्‌ तू कागद लिहून राह्यला! आंधी तिले वाचून दाखव. मंग सही करतो.”

दुपारी तीन वाजता वाचून दाखवले. ताई रडली नाही, भांडली नाही. देवघरातून पुरचुंडी आणली, सोडली, आणि मुरूम माझ्या ओंजळीत ओतला. म्हणाली, “हा घे तुहा.” आचलचे दप्तर आणि दोन पातळे घेऊन ती उस्तादांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, इंदूबाईंकडे, निघून गेली. दारातून वळून पाहिले नाही. येत्या भाऊबीजेला बोलावील असे वाटत नाही.

घर रिकामे आहे. उस्ताद म्हणतात, आता उतरायची गरज नाही, कोपरा पडला तर पडू दे. मी उतरणार नाही. मुरूम कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून अजून टेबलावर या कागदाशेजारीच आहे.

कलम १ मध्ये दुरुस्ती: घर ताईला द्यावे, पण तिने घेतले तरच.

साक्षीदार: १) देवमन मिस्त्री (वाचून दाखवल्यानंतर सही केली) २) अमोल, सोबतचा कामगार

ठिकाण: भातकुली. दिनांक: ११ सप्टेंबर २०२५