चांगलं स्थळ, लांब बी न्हाई

२१ एप्रिल, मंगळ.
गोठ्यात पेंड घालायला गेले तर हे फोनवर. मला बघितलं आन् आवाज खाली केला. तरी ऐकलंच. "स्थळ चांगलं हाय मामा. लांब बी न्हाई. एकदा डोळ्याखालनं घालू. तिला आत्ताच काय बोलू नका."
मामा म्हंजी ह्यांचे दौंडचे मामा. भावकीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवल्यात आन् प्रत्येक मांडवात फेटा बांधून पुढं बसलेत.
कसलं स्थळ, विचारलं. तर म्हणले, "अगं, पार्कचं चाललंय. पाण्याचा पार्क. राहायची सोय हाय, रिसॉर्ट. सुट्टीत सगळी मिळून जाऊ."
वॉटर पार्कला स्थळ म्हणणारा माणूस मी आख्ख्या न्हावऱ्यात बघितला न्हाई. शाळेच्या पुस्तकात तेवढं 'प्रेक्षणीय स्थळ' असायचं.

२२ एप्रिल, बुध.
झोप नीट लागली न्हाई. आमची प्राजू आत्ताशी वीस पूर्ण. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. शिरूरला एसटीनं जाती-येती, पुढं एम.एस्सी. करायचं म्हणती. माझं बी.ए. पहिल्याच वर्षात सुटलं ते असंच एक चांगलं, लांब नसलेलं स्थळ आलं म्हणून. ते स्थळ म्हंजी हेच.
पोरीचं शिक्षण तुटू द्यायचं न्हाई. लिहून ठेवते, म्हंजी उद्या मलाच माघार घेता यायची न्हाई.

२६ एप्रिल, रवि.
ह्यांनी जेवताना मोबाईलवर पार्कचा व्हिडिओ लावला. माणसं नळीतनं घसरत येतायत आन् बोंबलतायत. प्राजू खूश. सुनंदाताई बी (ह्यांची धाकटी बहीण) भाकरी थापायची सोडून बघाय लागल्या.
म्हणलं, प्राजूचे पेपर होऊ द्या, जूनमधी जाऊ. तर हे लगेच, "न्हाई न्हाई, धोंड्याचा महिना लागायच्या आत उरकायचं."
उरकायचं!
आन् पाण्यात डुंबायला पंचांग कवापासनं लागाय लागलं? अधिक महिन्यात लोक फक्त एकच गोष्ट टाळत्यात, ती मला काय कळत न्हाई व्हय.

२८ एप्रिल, मंगळ.
म्हणलं, गाई कोण बघणार? सु.ताई राहतील घरी. दरवेळी त्याच राहत्यात. कोल्हापूरला गेलो तवा राहिल्या, महाबळेश्वरला गेलो तवा राहिल्या. त्यांच्या हाताशिवाय आमची चितकबरी पान्हा सोडत न्हाई.
हे एकदम ताडकन, "सुनंदा येणारच. गाई शेजारचा तात्या बघंल."
इतकं ठाम तर हे ग्रामपंचायतीच्या मतदानाला बी नसत्यात. सु.ताई खाली मान घालून तांदूळ निवडत बसलेल्या. मी मनात म्हणलं, बहिणीला बी सामील करून घेतलंय. प्राजूला साडी नेसवायला, समजूत घालायला माणूस पाहिजे ना कोणतरी.

३ मे, रवि.
सु.ताई दाताला म्हणून प्राजूबरोबर शिरूरला गेल्या. आल्या त्या भुवया कोरून.
म्हणलं, "डाक्टरनं दाताऐवजी भुवया काढल्या का काय?"
प्राजू खो खो हसली. सु.ताई लाजून आत गेल्या. खरं तर पोरीलाच पार्लरात न्यायचं होतं, संशय येऊ नये म्हणून आत्यानं बी करून घेतलं. मी बी याच गावात एकवीस वर्षं काढल्यात.

६ मे, बुध.
ह्यांचा फोन चार्जिंगला होता. 'भांडगाव पार्क' नावानं नंबर. भांडगावात माझी मावशी दिलीय. हायवेला ढाबे हायेत, ऊस हाय. पार्क कसला आलाय तिथं?
फोन होता तसा ठेवला. पार्कातच बघायचं ठरवलं.

९ मे, शनि. (पार्क)
पहाटे निघालो. सणसवाडीत शिफ्ट सुटलेली, बसच बस. गाडीत मी गप्प. हे तीनदा म्हणले, "काय होतंय तुला?" काय व्हायचंय.
दारातच सगळ्यांच्या मनगटावर कागदी पट्टी चिकटवली, गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखी. पाण्यात जायला त्यांचाच नायलॉनचा ड्रेस सक्तीचा. मी तो घालून बाहेर आले तर हे तोंडावर टॉवेल धरून हसाय लागले. मला बी हसू येत होतं, पण दाबलं. या माणसाबरोबर हसायचं न्हाई असं ठरवूनच आलेले.
आन् नाष्ट्याच्या रांगेत योगायोग! "अरे, तुम्ही इथं कसं?" म्हणत एक कुटुंब पुढं. भांडगावचे. मामांच्या ओळखीचे म्हणं. एक म्हातारी, तिची दोन पोरं. थोरला चाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली, बायको दोन वर्षांमागं गेली. त्याची आठ वर्षांची परी. आन् धाकटा सव्वीस-सत्तावीसचा, सणसवाडीत कंपनीत इंजिनिअर, गॉगल लावलेला.
गॉगल बघितला आन् सगळं जुळलं.
नाष्ट्याला काय, तर पोहे! म्हातारी पोह्याची ताटली घेऊन प्राजूशेजारीच टेकली. "किती शिकलीस बाळा?" मी मधीच बोलले, "अजून लई शिकायचीय."
दिवसभर पोरीला नजरेआड होऊ दिलं न्हाई. ती नळीतनं घसरली की मी खाली उभी. धाकटा त्याच नळीत चढला की मी बी जिना चढले. वरचा शिट्टीवाला म्हणला, "काकी, येणार का?" म्हणलं, येते! गेले. जीव घशात आला, चप्पल गेली, नाकात पाणी. पण धाकट्याच्या आधी खाली पोचले.
सु.ताईंना पाण्यात पहिल्यांदाच बघितलं. परी त्यांच्या गळ्यात पडून पोहायला शिकत होती. थोरला कडंला उभा राहून पोरीला हात हलवत होता. म्हणलं, बरंय, पाहुण्यांची पोरगी सांभाळायला बी आमचंच माणूस.

१० मे, रवि. (दुपार, रूमवर)
तोडलं एकदाचं. हलकं वाटतंय.
लाटांच्या पाण्याकडंला म्हातारी माझ्याजवळ आली. म्हणली, "तुमच्या पोरीचा स्वभाव लई गरीब हाय हो. आमच्या परीला एका दिवसात लळा लागला. आम्हाला पसंत हाय."
कालपासनं प्राजूनं परीला दोन आइस्क्रीमं दिलती. एवढ्यावर पसंत! पोरगी हाय का बाजारातली पालेभाजी?
म्हणलं, "तुम्ही कशासाठी आलाय ते मला पहिल्या दिवसापासनं ठाव हाय. आमच्याकडनं न्हाई हाय. आमची पोरगी आमच्या घरात बरी हाय. पुन्हा हा विषय काढू नका."
म्हातारीचा चेहरा पडला. हळूच म्हणली, "तिच्या मनात काय हाय, एकदा..."
"तिच्या मनात काय असायचंय? तिचं मन मला ठाव हाय. तिला कुठं जायचं न्हाई."
म्हातारीनं हात जोडले आन् उठली. मागं वळले तर सु.ताई परीला कडंवर घेऊन चार हातांवर उभ्या, निथळत. त्यांनी पोरगी खाली ठेवली, टॉवेल घेतला आन् कपडे बदलायच्या खोलीकडं गेल्या.
भांडगावचे जेवणाआधीच निघून गेले. गॉगल बी गेला. ह्यांनी विचारलं, "काय बोललीस तू?" म्हणलं, जे बोलायला पाहिजे ते.

११ मे, सोम.
घरी. येताना गाडीत हे रस्त्याकडं बघत. प्राजू बी तोंड फिरवून. म्हणलं, हिला का राग यावा? गॉगल आवडला का काय?
सु.ताई आल्या-आल्या गोठ्यात.

१२ मे, मंगळ.
दौंडचे मामा आले. पाणी बी घेतलं न्हाई, ओसरीवरच उभे.
"सूनबाई, कुणाचं स्थळ मोडलंस तुला ठाव हाय का?"
म्हणलं, माझ्या पोरीचं. आन् मोडलं ते बरं केलं.
मामांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं. मग मामा खालच्या आवाजात म्हणले, "प्राजूचं कुठलं आलंय? सुनंदाचं होतं ते. थोरल्याचं आन् सुनंदाचं."
कानात दडा बसल्यासारखं झालं.
सु.ताई छत्तीसच्या. लग्न होऊन दीड वर्षात दाजी गेले, अपघातात. अकरा वर्षं झाली माहेरी येऊन. या अकरा वर्षांत घरात 'स्थळ' हा शब्द आला आन् तो त्यांच्यासाठी असंल, असं माझ्या डोक्यात एकदाबी आलं न्हाई. एकदाबी. लिहितानाच लाज वाटतीय.
"मला का न्हाई सांगितलं?" मी ह्यांच्यावर ओरडले. "बायको हाय ना मी?"
हे म्हणले, "सांगितलं असतं तर तू पहिलं काय विचारलं असतंस? गाई कोण बघणार, हेच ना?"
मामांच्या समोर बोलले. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

१३ मे, बुध.
प्राजूला विचारलं, तुला ठाव होतं?
"मम्मी, सगळ्यांना ठाव होतं. तुला सोडून."
"मग मला एक शब्द..."
"आत्याच म्हणली, वहिनीला कळू देऊ नको. त्या नको म्हणल्या तर माझ्यानं त्यांच्या शब्दाबाहेर जाववायचं न्हाई."
म्हंजी मला घाबरून न्हाई, मला मानून लपवलं. हे जास्ती लागलं.
आठवत बसले. आमची पोरगी आमच्या घरात बरी हाय. तिला कुठं जायचं न्हाई. एकेक शब्द सु.ताईंवर बसला असंल. मी प्राजूला वाचवाय गेले आन् चार हातांवर उभ्या असलेल्या बाईचं दार लावून घेतलं.

१४ मे, गुरु.
हे म्हणतात, पुन्हा एकदा पार्कला बोलवू त्यांना, मी थोरल्याच्या हातापाया पडतो. म्हणलं, आता पार्क नको आन् बहाणा नको. जायचं तर सरळ भांडगावला, त्यांच्या दारात. पण आधी जिचं हाय तिला विचारू द्या.
दिवसभर धीर झाला न्हाई. त्या भांडी घासतायत, मी मागं उभी. त्या वळल्या, "काय पाहिजे वहिनी?" मी म्हणलं, काय न्हाई. आन् निघून आले. अशी भित्री मी कवा झाले?

१५ मे, शुक्र.
सकाळी सु.ताई धार काढताना जाऊन दुसऱ्या गाईखाली बसले. तोंडाकडं बघायचं नसलं की बोलता येतं.
म्हणलं, ताई, चुकलं. मला वाटलं प्राजूचं हाय.
"ठाव हाय. प्राजूनं सांगितलं."
"तुमच्या मनात काय हाय?"
त्यांनी धार थांबवली. मग म्हणल्या, "आता विचारता व्हय?"
म्हणलं, उशीर झालाय. तरी विचारते.
"ती परी पाण्यात माझ्या कानाला लागून म्हणली, तू आमच्या घरी येणार हायेस ना? मी हो म्हणून बसले वहिनी. लेकराला हो म्हणलेय."
एवढं बोलून रडाय लागल्या. मी उठून जवळ गेले तर गाय बुजली, बादली लवंडली. दोघी दुधात उभ्या. मी बी रडले. त्यांच्यासाठी का माझ्यासाठी, ते कळलं न्हाई.

१६ मे, शनि.
भांडगावला फोन केला. हे म्हणले, मामांना बोलू दे. न्हाई म्हणलं. तोडलं मी, बोलणार मीच. सु.ताईंना शेजारी बसवलं आन् फोन स्पीकरवर ठेवला, म्हंजी पुन्हा कुणाच्या पाठीमागं काय नको.
म्हातारीनं उचलला. मी कोण ते सांगितलं. तरी फोन ठेवला न्हाई तिनं. सगळं सांगितलं, गॉगलपासनं. मधी एकदा हसल्यासारखा आवाज आला, का खोकला असंल. शेवटी म्हणलं, आज्जी, पाया पडते, माझ्या शब्दावर जाऊ नका. ताईंची इच्छा हाय.
म्हातारी म्हणली, "तिची इच्छा मला तिथंच दिसली होती बाई. पोरगी बघितल्यावर कळतं."
मग म्हणली, "तुमची काय? तुम्हाला चालंल का, ती गेलेली?"
म्हणलं, चालंल. व्हय, चालंल.
पण ते लगेच आलं न्हाई तोंडातनं. एवढुसं थांबले. मधल्या त्या एवढुशा वेळात माझ्या डोळ्यापुढनं आख्खं घर फिरून गेलं, चुलीपासनं गोठ्यापर्यंत, आन् कुठंच सु.ताई नव्हत्या.
"बरं," म्हातारी म्हणली. "पोरांशी बोलते. कळवते." फोन ठेवला.
कळवते म्हंजी काय, कुणास ठाऊक. मी मान वर करून बघितलं. सु.ताई फोनकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.