आईची कात्री, जिन्याखालच्या टेबलावर

चि. धाकट्यास,

मोठीचे आशीर्वाद. आईची कात्री सापडली आहे आणि ती तुझ्या ट्रंकेतून सापडली आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. नाहीतर मी लिहिले नसते आणि तूही वाट पाहिली नसतीस. गुडघा कसा आहे? (विचारायची रीत आहे म्हणून विचारते. तो जिना चढताना दुखतो आणि पत्ते कुटायला जाताना दुखत नाही, हे मला ठाऊक आहे.) तुझी बायको बरी असेलच, तुझ्या तब्येतीपुढे तिला स्वतःची बिघडवायला सवड कुठे मिळते?

आता मुद्द्याचे. यंदा आमच्या प्राथमिक शाळेला 'नागरी मूल्ये आणि परस्पर आदर' हा उपक्रम वरून आला. वरून येणाऱ्या गोष्टींकडे मी संशयानेच पाहते. छताचे पाणीही वरूनच येते. तरी मुख्याध्यापिका म्हणून केला. मुलांना रांग शिकवली, वस्तू हातात देताना फेकू नये हे शिकवले, कात्री दिली तर मूठ समोरच्याकडे करावी हेही शिकवले. शिवाय जिन्याखाली एक टेबल मांडले. सापडलेली वस्तू तिथे ठेवायची, मालकाने परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर ती ओळखायची, ज्याला सापडली त्याचा हात हातात घेऊन आभार मानायचे आणि मग साऱ्या शाळेने टाळ्या वाजवायच्या. पोरांची परीक्षा पाहायला मी माझे पेन मुद्दाम मैदानात टाकले. ते लगेच परत आले. छत्री टाकली, तीही आली. मला तेव्हाच शंका आली. इतका प्रामाणिकपणा माणसाच्या जातीत नसतो, आपल्या घराण्यात तर नाहीच नाही.

झाले होते असे की पोरांना टाळ्यांची चटक लागली होती. हरवलेल्या वस्तू संपल्या तशी ती न हरवलेल्या वस्तू शोधायला लागली. गाण्याच्या बाईंचा डबा त्या तो उघडून बसल्या असतानाच सापडला. शिपाईमामा पाय धुवायला गेले आणि तेवढ्यात त्यांच्या चपला सापडल्या. डावी पहिलीच्या वर्गाला, उजवी तिसरीच्या, म्हणजे बिचाऱ्यांना अनवाणी उभे राहून दोनदा आभार मानावे लागले. तपासणीला आलेले साहेब 'आदर' या विषयावर बोलत असताना त्यांनी काढून ठेवलेला चष्मा दोन मुलींनी अत्यंत आदराने उचलून नेला. (साहेबांना पुढचे काही दिसले नाही, म्हणून शेरा चांगला मिळाला.)

मी चौकशी लावली. त्यात तुझी नात पुढे आली. तिला शाळेत सगळे वकीलबाई म्हणतात. मी तिला इतरांसारखीच वागवते, उलट काकणभर जास्तच कडक. तिने टेबलावर एक फडके ठेवले आणि ते सोडून आतली वस्तू माझ्यापुढे सरकवली, मूठ माझ्याकडे करून. काळी मूठ, तिच्यावर आईने अंगठ्याला रुतू नये म्हणून गुंडाळलेली निळी चिंधी. मी चिंधीची गाठ चाचपून पाहिली. मग दरडावले, "ही सापडलेली नाही. ही तू घरातून उचललीस."

"हरवलेलीच आहे, मोठ्या बाई," ती म्हणाली. "आजोबा सारखे म्हणतात, कात्री हरवली, तुझ्या आत्याआजीनेच ढापली. मला त्यांच्याच ट्रंकेत सापडली, घोंगडीच्या खाली. मग मला टाळ्या नकोत का?"

या बोलण्यात मला खोट सापडलेली नाही. तुला सापडल्यास कळव.

आई गेली, तिचे शिवणाचे मशीन माझ्याकडे राहिले, कात्री 'हरवली', आणि तेव्हापासून आपण एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलेले नाही. माझा पहिला संशय असा की तू ती समजून उमजून दडवलीस. दुसरा असा की आता तूच पोरीला पढवून पाठवलेस, म्हणजे तोंड न उघडता काम झाले. तिसराही एक आहे, की ट्रंक तुझ्या बायकोने भरली आणि तुला खरोखरच पत्ता नव्हता. पण तो मी बाजूला ठेवला आहे, कारण त्यात तू सुटतोस.

अडचण पुढेच आहे. परिपाठाला मी विचारले, कात्री कोणाची? 'माझी' म्हणायला माझीच जीभ रेटेना. ती आईची, आणि आई काही ओळखायला येणार नाही. मालक नाही तर आभार नाहीत, आभार नाहीत तर टाळ्या नाहीत, नियम माझाच. खडूचा तुकडा सापडलेल्या पोराला टाळ्या मिळतात आणि तुझी नात रोज टेबलाशी येऊन उभी राहते आणि तशीच वर्गात जाते. काल जाता जाता तिने विचारले, "तुम्ही आजोबांशी बोलत नाही, मग आदराचा तास तुम्हीच का घेता?" मी तिला फळा पुसायला लावले.

बाकी सर्व ठीक. घरातल्या लहानांना आशीर्वाद, तुला तूर्तास अर्धाच.

तुझी,
मोठी

ता. क. शनिवारी सकाळी परिपाठाला ये. इस्त्रीचा सदरा घाल. पोरीचा एक हात तू धरायचा, एक मी. कात्री आम्हा दोघांची आहे असे मी सांगेन. तू मध्ये तोंड घालायचे नाहीस.

आणखी एक. तू गुडघा पुढे करशील अशी मला दाट शंका आहे. शनिवारी दुपारी मला शाळेचे पडदे शिवायचे आहेत आणि मशीनला कुलूप आहे. म्हणून खालील वस्तू तुझ्याकडे पाठवते, म्हणजे तुला शाळेतून माझ्या घरापर्यंत यावेच लागेल. याला माया समजू नये.

शिपाईमामांच्या हाती दिले: आईच्या शिवणाच्या मशीनची किल्ली, एक. तिला जोड नाही.
कात्री दिलेली नाही. ती माझ्या कपाटात आहे, मूठ दाराकडे करून.
किल्ली घेणाऱ्याची सही: