तीन घरांची एकच यादी

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद हातात घेतलाय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच म्हणायचीस. आज तेवढं सोस आणि शेवटपर्यंत वाच, तुझ्या पाया पडतो.

बाबा दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण छातीत कफ साठलाय आणि ताप हटत नाही. चमच्याने पाणी दिलं तर अर्धं बाहेर येतं. डोळे उघडले की दाराकडे बघतात. मी समोर असलो तरी दाराकडेच.

तुला आठवतं, माझं प्रत्येक नवं ॲप आधी तुझ्यापुढे यायचं? हातातली शिलाई बाजूला ठेवून तू स्क्रीनवर बोट टोचायचीस. ठमीला कळलं तर जगाला कळलं, असं ऑफिसात सांगून मी भाव खायचो. तुझ्या, माझ्या आणि बाबांच्या, तिन्ही घरांच्या इंटरनेटला मी गाळणी बसवली, तेव्हाही पहिली परीक्षक तूच. काय आत-बाहेर जाऊ द्यायचं, काय अडवायचं, त्या नियमांची यादी तिघांत एकच आणि बदलायची मुभा सगळ्यांना. तू लगेच विचारलंस, हे बटण दाबलं तर कुणाकुणाचं अडेल ते इथे का लिहिलेलं नाही? मी हसलो. घरच्या घरात कसल्या पाट्या लावायच्या, म्हणालो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातला मी.

मग लेकीच्या परीक्षेसाठी तू अनोळखी सगळं अडवायचा नियम चालू केलास. तिचे गेम थांबले, आणि बाबांच्या मनगटावरचं ते यंत्रही मुकं झालं. पडलो तर दाबायचं, म्हणजे आपल्या दोघांना निरोप येतो, ते. सकाळी सातला ते बाथरूममध्ये पडले आणि दाबत राहिले. शेजारच्या काकूंना पेपर दाराबाहेर तसाच दिसला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

हॉस्पिटलच्या जिन्यात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, हिच्याच हाताने झालं. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, पर्स उचललीस आणि गेलीस.

आता मी ती नियमांची स्क्रीन नव्याने करतोय. प्रत्येक नियमाखाली तो लागू असलेली घरं, चालू करण्याआधी कुणाचं काय बंद पडेल ते, आणि बाबांच्या यंत्राला हात लावायचा तर आपल्या दोघांची संमती. काम दोन तासांचं आहे. चार दिवस झाले, बाबांचं घर एवढे दोन शब्द लिहिले की पुढे हात चालत नाही.

त्या दिवशी बटण दाबण्याआधी तू मला फोन केला होतास. बाबांकडचं काही अडणार नाही ना, विचारलंस. मी मीटिंगमध्ये होतो. न बघताच म्हणालो, नाही गं बाई, दाब बिनधास्त. आणि जिन्यात मूग गिळून उभा राहिलो. तूही बोलली नाहीस, माझी चूक झाकलीस. आज सकाळी आत्याला आणि बाबांना मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि दाराकडे बोट केलं. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. हे पत्र दाराखालून सरकवतोय. टॅक्सी खाली उभी आहे, मी बसने येईन. तू फक्त बाबांकडे जा.

तुझाच,
दादा